कोसिगिनची कारकीर्द: मस्टर कसं भरायचं

आमच्या चाळीच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणीतरी अर्धा तास बोलतं, बाकीचे ऐकतात, मग चहा होतो. मागच्या खेपेला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची पाळी होती. राज्यशास्त्रात एमए करते. विषय तिनेच निवडला: अलेक्सेई कोसिगिन, सोव्हिएत संघाचे पंतप्रधान. चार दिवस आधी कागद घेऊन आली, "काका, जरा नजर टाका ना." बघतो तर एकोणीस ओळी आणि एकोणीस तारखा. जन्म, शाळा, हे पद, ते पद, मृत्यू. म्हटलं, "पोरी, हे करी रोड स्टेशनातलं वेळापत्रक झालं. गाडी का सुटली, कोणाला घेऊन सुटली, काहीच कळत नाही."

मग आम्ही दोघांनी ते नव्याने मांडलं. दोन संध्याकाळी गेल्या. असलं काम आणखी कोणाच्या वाट्याला आलं तर सोपं जावं म्हणून पद्धत लिहून ठेवतो. मी इतिहासाचा माणूस नव्हे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि १९७४ पासून लालबागच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होतो, गिरणी होती तोवर. पण कोसिगिनही सूतगिरणीतलाच. त्याला ओळखायला मला पुस्तकांपेक्षा खातंच जास्त उपयोगी पडलं.

आधी कागद. जुन्या कॅलेंडरचं पान घ्या, मागची कोरी बाजू वर करा आणि गिरणीतल्या मस्टरसारखे, म्हणजे हजेरीपटासारखे, उभे चार रकाने आखा. साल. पद. हाताखाली काय होतं. आणि चौथा: ही खुर्ची रिकामी कशी झाली. पहिले तीन कुठल्याही कोशावरून भरता येतात. चौथ्यासाठी डोकं खाजवावं लागतं, आणि सोव्हिएत माणसाची गोष्ट बहुतेक वेळा त्याच रकान्यात दडलेली असते. एखादी ओळ चौथ्या रकान्यात कोरी राहिली तर राहू द्या, पण रकाना खोडू नका.

शोधताना नाव दोन्ही तऱ्हांनी बघा. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत तो 'कोसिजिन' म्हणूनही छापलेला सापडतो. जन्मतारखाही दोन दिसतील, ८ फेब्रुवारी आणि २१ फेब्रुवारी १९०४. दोन्ही खऱ्या आहेत. रशियाने १९१८ साली कॅलेंडर बदललं, तेरा दिवसांचा फरक त्यातला. यावर भाषणात एक मिनिटही घालवू नका.

पदांच्या नावांवर मात्र वेळ घालवा, कारण मराठी वाचक तिथेच घसरतो. 'पीपल्स कमिसार' म्हणजे मंत्रीच. १९४६ मध्ये नाव बदलून मंत्री केलं. 'मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष' म्हणजे पंतप्रधान, पण आपल्यासारखा सर्वेसर्वा नव्हे, कारण खरी किल्ली पक्षाच्या सरचिटणीसाकडे. 'लेनिनग्राड शहर कार्यकारी समितीचा अध्यक्ष' याचं भाषांतर 'महापौर' करून मोकळे होऊ नका. मुंबईत महापौराकडे मान असतो आणि कारभार आयुक्ताकडे. तिथे कारभार त्या अध्यक्षाच्याच टेबलावर होता, आणि त्याच्यावर पक्षाच्या समितीची नजर. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला लगेच उमगतं.

आणखी एक फसवा शब्द आहे, तो मला मजेशीर वाटला. कोसिगिन १९३५ मध्ये झेल्याबोव कापड कारखान्यात 'मास्तर' म्हणून लागला. रशियनमध्येही शब्द अक्षरशः तोच. पण आमच्याकडे स्पिनिंग मास्तर म्हणजे अख्ख्या खात्याचा धनी. तो आला की जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, बिडी विझवायचा. रशियन मास्तर त्याच्यापेक्षा बराच खालचा, पाळीवरचा सुपरवायझर. म्हणजे सुरुवातीला तो माझ्याच पायरीवर होता. पुढे आमचे रस्ते किंचित वेगळे झाले!

१९३५ पर्यंतचं पटकन उरका. सेंट पीटर्सबर्गच्या कामगाराच्या घरात जन्म, वडील लेथवर कातारी. यादवी युद्धात पोरवयात लाल सैन्यात. मग सहकाराचं शिक्षण आणि १९२४ पासून सायबेरियात ग्राहक सहकारी संस्थांचं काम, पार लेना नदीवरच्या किरेन्स्कपर्यंत. १९२७ मध्ये पक्षाचं सभासदत्व. १९३० मध्ये लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) परत येऊन टेक्स्टाइल इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश, तेव्हा वय सव्वीस. यातलं एकच अधोरेखित करा: गिरणीत शिरण्याआधी त्याने सहा वर्षं माल लोकांपर्यंत पोचवायचं काम केलं होतं. सूत काढणारा बहुतेक वेळा सूत कोण नेसतं ते बघत नाही. याने आधी दुकान पाहिलं, मग चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी फिरती दांडी.

आता १९३५ ते १९३९ या ओळी एकाखाली एक लिहा आणि दोन ओळींमधलं अंतर मोजा. १९३५ पाळीवरचा मास्तर, मग खातेप्रमुख. १९३७ ऑक्टोबर गिरणीचा संचालक. १९३८ आधी पक्षाच्या प्रादेशिक समितीत उद्योग-वाहतूक विभाग, आणि त्याच वर्षी शहराचा कारभारी. जानेवारी १९३९ अख्ख्या देशाच्या कापड उद्योगाचा कमिसार. वय पस्तिशीच्या आत. मुलीने पहिल्या कागदावर इथे लिहिलं होतं, 'आपल्या कर्तृत्वाच्या जोरावर अल्पावधीत'. मी तिला विचारलं, आमच्या गिरणीत सुपरवायझरचा स्पिनिंग मास्तर व्हायला किती वर्षं लागत? पंधरा, आणि तीही मालकाची मर्जी असेल तर. मग इथे चार वर्षांत मंत्री कसा? इथे चौथा रकाना बोलायला लागतो. १९३७-३८ म्हणजे स्तालिनची मोठी धरपकड. संचालक, सचिव, कमिसार, रांगेने पकडले गेले, कित्येकांना गोळ्या घातल्या. शिडीवरची माणसं नाहीशी झाली आणि खालच्या पायरीवरच्या तरुण इंजिनियरांना वर ओढलं गेलं. पुढे पक्षाचा सरचिटणीस झालेल्या ब्रेझनेव्हची पिढी हीच. कोसिगिन हुशार होता यात शंका नाही, पण नुसता हुशार असता तर १९३९ मध्ये फार तर गिरणीचा संचालक राहिला असता. दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं गाळलं तर मस्टर खोटं.

यानंतर तिसरा रकाना सगळ्यात भरतो, आणि इथे घाई करू नका. २२ जून १९४१ ला जर्मन हल्ला झाला. दोनच दिवसांत स्थलांतर परिषद नेमली गेली आणि कोसिगिन तिचा एक उपाध्यक्ष. काम काय, तर पश्चिमेकडचे कारखाने उचलून उरल पर्वताच्या पलीकडे नेऊन बसवायचे. जुलै ते नोव्हेंबर १९४१ या पाच महिन्यांत १,५२३ कारखाने हलवले गेले. आकडा म्हणून हा कानावरून जातो. तो जड करायचा असेल तर एक यंत्र डोळ्यासमोर आणा. आमची गिरणी बंद पडल्यावर रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायची यंत्रं, भंगारात गेल्या, तेव्हा मी गेटवर उभा होतो. नुसत्या तोडायच्या होत्या, पुन्हा जोडायच्या नव्हत्या, तरी दिवसच्या दिवस लागले. जोडायच्या असतील तर प्रत्येक सुटा भाग खुणा करून बांधायचा, नव्या जागी पाया लेव्हलला आणायचा, एकेक चाती ओळंब्यात बसवायची. एक चाती तिरकी असली तरी धागा तुटतच राहतो. हे सगळं रेल्वेच्या उघड्या वाघिणीतून, विमानं डोक्यावर असताना. ज्याने खातं चालवलंय त्यालाच कळतं की कुठला डबा आधी निघायला हवा.

लगेच पुढची ओळ लेनिनग्राडची. वेढा ८ सप्टेंबर १९४१ ला पडला, २७ जानेवारी १९४४ ला उठला, ८७२ दिवस. त्या पहिल्या हिवाळ्यात नोकरी नसलेल्याला, मुलांना, म्हाताऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. जानेवारी १९४२ मध्ये कोसिगिनला राज्य संरक्षण समितीचा प्रतिनिधी म्हणून तिथे धाडलं. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून ट्रक जात, त्याला 'जीवनमार्ग' म्हणत. येताना धान्य, जाताना माणसं. २२ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात त्या बर्फावरून सुमारे साडेपाच लाख लोक बाहेर काढले गेले. पुढे उन्हाळ्यात सरोवराच्या तळाशी इंधनाची नळी टाकली. जुलैपर्यंत तो तिथे होता.

भाषण करणाऱ्याला इथे 'वीर' वगैरे म्हणायचा मोह होतो. मुलीला मी सांगितलं, वीर म्हणू नकोस, त्याचं काम सांग. कार्डिंग, म्हणजे कापूस विंचरायचं खातं, मागे पडलं की रिंग फ्रेम रिकाम्या फिरतात. रिंग फ्रेम जोरात गेल्या की वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बॉबिनचा डोंगर होतो. आमचं सगळं आयुष्य हा तोल सांभाळण्यात गेलं. लादोगावर तेच होतं: अलीकडच्या काठावर रेल्वे किती माणसं आणून सोडते, बर्फावर ट्रक किती, पलीकडे गाड्या उभ्या आहेत का. एक खातं अडलं की माणसं थंडीत बसून मरतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

१९४३ ते ४६ रशियन प्रजासत्ताकाचा पंतप्रधान, १९४८ मध्ये काही महिने अर्थमंत्री, त्याच वर्षी पॉलिटब्यूरोत, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या मंडळात, मग हलक्या उद्योगांचा मंत्री. हलके उद्योग म्हणजे कापड, कपडे, चपला. इथे पुन्हा चौथ्या रकान्याकडे वळा, पण या वेळी उलट्या बाजूने. १९४९-५० मध्ये 'लेनिनग्राड प्रकरण' झालं. वोझनेसेन्स्की, कुझनेत्सोव, पोपकोव, सगळे त्याच शहरातून वर आलेले, त्यांना मृत्युदंड झाला. कोसिगिनही त्याच गोटातला धरला जायचा. तो वाचला. १९५२ मध्ये एक पायरी खाली आला, १९५३ मध्ये वरच्या मंडळातून बाहेर, पण मंत्रिपद राहिलं. तुमच्या कागदावर या ओळी जवळजवळ रिकाम्या दिसतील. माझा अंदाज असा की तो कापडाचं बोलायचा आणि बाकी गप्प राहायचा. हा अंदाज आहे, म्हणून मुलीला पेन्सिलने लिहायला लावला. ठाऊक आहे ते शाईने, वाटतं ते पेन्सिलने, एवढी शिस्त पाळा.

१९५९ मध्ये नियोजन आयोगाचा प्रमुख, १९६० मध्ये पहिला उपपंतप्रधान. ऑक्टोबर १९६४ मध्ये पक्ष आणि सरकार दोन्ही चालवणाऱ्या ख्रुश्चेव्हला उतरवलं, त्याच्या दोन खुर्च्या दोघांत वाटल्या: पक्ष ब्रेझनेव्हकडे, सरकार कोसिगिनकडे. १५ ऑक्टोबर १९६४ ते २३ ऑक्टोबर १९८०, सोळा वर्षं. इतका काळ त्या खुर्चीत दुसरा कोणी बसला नाही.

आता त्याने आणलेल्या आर्थिक सुधारणा. हा भाग कंटाळवाणा होतो अशी सगळ्यांची तक्रार, कारण तो 'निर्देशांक' आणि 'ढोबळ उत्पादन' अशा शब्दांत सांगितला जातो. सुताने सांगा. समजा वरून हुकूम आला की या महिन्यात खात्याने इतके किलो सूत काढायचं. वीस नंबरचं जाडं सूत चातीमागे भराभर वजन देतं, साठ नंबरचं बारीक सूत तेवढ्याच वेळात कितीतरी कमी. मग शहाणा मास्तर काय करेल? जाडं काढेल. बाजाराला बारीक हवंय हे त्याला ठाऊक असतं, पण बोनस किलोवर आहे. आमच्याकडेही महिनाअखेरीला हे खेळ चालत. कुठल्या गिरणीत ते सांगत नाही. सोव्हिएत देशात सगळाच उद्योग अशा किलोंवर आणि मीटरांवर चालला होता.

खारकोवच्या येव्सेई लिबरमान नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये पक्षाच्या 'प्रावदा' या वर्तमानपत्रात लेख लिहून म्हटलं की कारखान्याला नफ्यावर जोखा आणि त्यातलाच वाटा बोनस म्हणून द्या. १९६४ मध्ये मॉस्कोचा 'बोल्शेविच्का' आणि गॉर्की शहरातला 'मायाक' या दोन कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत प्रयोग सुरू झाला: वरून आलेल्या आकड्याप्रमाणे न शिवता दुकानांच्या मागणीप्रमाणे शिवायचं. प्रयोगाची सुरुवात पोलादात नाही, शिवणकामात झाली, हे नीट सांगा. सप्टेंबर १९६५ मध्ये कोसिगिनने पक्षाच्या केंद्रीय समितीपुढे मोठी योजना ठेवली. काढलेला माल मोजायचा नाही, विकलेला मोजायचा. नफा बघायचा. वरचे हुकूम कमी करायचे. संचालकाच्या हातात बोनसचा निधी द्यायचा. जानेवारी १९६६ मध्ये ४३ कारखान्यांपासून सुरुवात झाली आणि दशक संपेपर्यंत बहुतेक उद्योग या पद्धतीत आला.

याच मुद्द्यावर श्चेकिनोला थोडं थांबा. तुला प्रांतातला रासायनिक कारखाना. १९६७ पासून त्यांना सांगितलं की पगाराची एकूण रक्कम ठरलेली राहील. कमी माणसांत काम केलंत तर वाचलेले पैसे उरलेल्यांत वाटा. दोन वर्षांत शेकड्यांनी माणसं कमी झाली आणि उत्पादन वाढलं. लालबागमध्ये हे वाक्य बोलाल तेव्हा खोलीत शांतता होईल, तयारी ठेवा.

मग ही योजना अडली कुठे? मुलीचं उत्तर होतं 'ब्रेझनेव्हचा विरोध'. खोटं नाही, पण अपुरं. किमती वरूनच ठरत राहिल्या, म्हणजे नफाही वरूनच ठरला. ज्या मंत्रालयांचे हुकूम कमी करायचे तीच मंत्रालयं त्याच वर्षी नव्याने उभी केली होती. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले आणि 'सुधारणा' हा शब्दच संशयास्पद झाला. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, मग घाई कोणाला? चारही लिहा. आणि त्यापुढे मी एक वाक्य शाईने घालायला लावलं: आमच्या गिरण्यांत खातं मास्तर चालवायचा, पण नवीन यंत्र घ्यायचं की नाही हे मालकाच्या फोर्टातल्या ऑफिसात ठरायचं. कोसिगिन जन्मभर मास्तर राहिला. फोर्टातलं ऑफिस ब्रेझनेव्हचं होतं.

हे वाक्य पुढच्या ओळींवर लावून बघा. मार्च १९७९ मध्ये अफगाणिस्तानचे तेव्हाचे सत्ताधीश तराकी यांनी फोनवर सैन्य मागितलं, तेव्हा कोसिगिनने ते टाळलं. डिसेंबरात सैन्य पाठवायचं ठरलं त्या बैठकीला तो नव्हता.

ताश्कंद शेवटी लिहा, सालाच्या क्रमाला धरून नव्हे. आपला माणूस ताश्कंदवर आला की तिथून पुढे सरकतच नाही, आणि अर्धा तास संपतो. मीही त्यातलाच. ११ जानेवारी १९६६ ची सकाळ मला आठवते, बारा वर्षांचा होतो. नाक्यावरच्या रेडिओभोवती गर्दी, रातपाळी संपवून आलेले लोक डबा हातात तसेच उभे. शास्त्रीजी गेले. पुढे पेपरात फोटो आला, शवपेटीला खांदा दिलेले कोसिगिन आणि पाकिस्तानचे अयुबखान. बाबा त्या फोटोकडे बघत म्हणाले, "अरे, हो तर गिरणीतलो माणूस!" युनियनच्या सभेत कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. सोव्हिएत वकिलातीची गुळगुळीत मासिकं घरी यायची, आम्ही त्यांची वह्यांना कव्हरं घालायचो, माझ्या गणिताच्या वहीवर वर्षभर तोच चेहरा होता. हसताना कधी दिसला नाही. तर, ताश्कंदला पाव पान द्या: ४ ते १० जानेवारी, भारत-पाक युद्धानंतरचा करार, दोन्ही बाजूंना बोलतं ठेवणारा मधला माणूस कोसिगिन. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ग्लासबरोला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनशी आणि १९६९ मध्ये पेकिंगच्या विमानतळावर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी तो असाच बसला. या तिन्ही ओळी एकत्र बांधा.

घरचं एकच घ्या. १ मे १९६७, लाल चौकात कामगार दिनाचं संचलन चालू होतं, तो मंचावर उभा होता, आणि त्याच दिवशी त्याची पत्नी क्लावदिया रुग्णालयात वारली. मुलीने हे वाचलं आणि म्हणाली, "काका, यावर काही बोलायला नको ना?" नको. फक्त वाचायचं.

शेवटच्या ओळीत मृत्यू, १८ डिसेंबर १९८०. दुसऱ्या दिवशी ब्रेझनेव्हचा वाढदिवस होता, म्हणून बातमी मागे ठेवली गेली. त्याखाली अर्धी ओळ वाढवा आणि लिहा की त्या खुर्चीत पुढे कोण बसलं: तिखोनोव, पाइपच्या कारखान्याचा एकेकाळचा संचालक. त्याच्यानंतर १९८५ मध्ये रिझकोव, उरलमाश या यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा संचालक राहिलेला. कारखान्यातल्या माणसासाठी ती एक खुर्ची राखून ठेवली होती, असं कागदच सांगायला लागतो.

भाषणाच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा. कागद भिंतीवर लावा, म्हणजे मागे बसलेल्यांना रकाने दिसतील. आमच्याकडे पहिला प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी विचारला. ते दुसऱ्या गिरणीत बदली कामगार होते, ८२ च्या गिरणी संपानंतर पुन्हा कधी आत गेले नाहीत. म्हणाले, "ते श्चेकिनोत कमी केलेले, त्यांचं काय झालं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं नाही, ते मला आवडलं. म्हणाली, बहुतेकांना दुसरीकडे काम दिलं, काहींना त्याच कारखान्याच्या नव्या विभागांत.

"म्हणजे सकाळी बदली कार्ड घेऊन गेटवर उभं राहावं लागलं नाही?"

"नाही."

काकांनी मान हलवली आणि कागदाच्या तिसऱ्या रकान्याकडे बोट करून म्हणाले, "मग ते पण लिही तिथे." तिने खिशातून पेन काढलं आणि शाईने लिहिलं.